ठमाच्या नावाचं पान

आमची सून सगुणा म्हणते, बाबा, तीच गोष्ट जेवताना सांगता, झोपताना सांगता, पोरं घाबरतात, त्यापेक्षा एकदा लिहून टाका आणि गप्प बसा. लिहून टाका म्हणे. मी चौथी नापास. अक्षर माझं असं की खेकडा शाईत बुडवून कागदावर सोडावा. पण पाय सुजलेत, होडी मुलाच्या हातात गेली, फाटकी जाळी शिवण्यापलीकडे काम उरलं नाही, आणि ताट वाढणारीशी भांडून चालत नाही. तर लिहितो. कुणी मध्ये शुद्धलेखन काढू नये. आणि अंधार, वटवाघळं, पिंपळ असलं काही पाहिजे असेल तर आत्ताच उठा. झालं ते सगळं भर दुपारी झालं.

आमचा खाजणपाडा डोंबिवलीच्या मागच्या अंगाला, खाडीच्या कडेला. स्टेशनकडून याल तर बिल्डिंगी संपतात, डांबर संपतं, मग चिखलाचा वास सुरू होतो. तो वास म्हणजे आम्ही. पाड्यासमोर दगडी धक्का आहे, पायऱ्या खाडीत उतरतात. खाली किती पायऱ्या आहेत ते कुणाला ठाऊक नाही, गाळात गेल्यात.

या धक्क्यावर आमची एक रीत आहे. खाडीत गेलेलं आणि न सापडलेलं माणूस ज्या घरात असेल, त्या घरानं सर्वपित्री अवसेला त्याच्या नावाचं पान धक्क्यावर मांडायचं. भात, वडा, भोपळ्याची भाजी आणि त्याच्या आवडीचं काहीतरी. अवसेची भरती भर दुपारी लागते. पाणी पायरी पायरी वर येतं. मग पाड्यातला एकजण उभा राहून नाव घेतो, अमकी अमक्याची. घरचं माणूस मेलेल्याच्या वतीनं ओ देतं. ओ ऐकली की गेलेल्याला कळतं, आपलं घर अजून आहे. पाणी पान उचलतं आणि भरतीबरोबर वर, कल्याणच्या अंगाला घेऊन जातं. एवढंच. पण दोन गोष्टी पाळायच्या. ज्याला ओ द्यायला घरचं कुणी नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. आणि दुसऱ्याच्या मेलेल्याला आपण ओ द्यायची नाही. असं का, ते माझ्या बापानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नावं घ्यायचं काम बापाकडे होतं, त्याच्यामागे माझ्याकडे आलं.

आता मोरू. हा जनाबाईचा मुलगा, पाड्यात पहिला मॅट्रिक झालेला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हापिसात नोकरी. नाकावर चष्मा, खिशाला दोन पेनं, आणि साप्ताहिकात कधीमधी नाव छापून यायचं. बाप लवकर गेला. मोठी बहीण होती, मालू. मोरू शाळेत जायला लागला तेव्हा मालू ओहोटीला चिखलात उतरून खेकडे काढायची. डावा पाय जरा ओढत चालायची आणि काम करताना तोंडानं शीळ घालायची. जनाबाई ओरडायची, गो बाय, पोरीच्या जातीनं शीळ घालू नको, खाडीतलं मागं लागतं. एके दिवशी पाणी वळलं आणि मालूचे पाय चिखलानं सोडले नाहीत. मोरू धक्क्यावर बसला होता. ती तिथून म्हणाली, "मोरू, आयला बोलाव." हा धावला, पण आय बाजारात मासळी विकायला गेलेली. आली तोवर खाडी सपाट. नुसती टोपली तरंगत होती.

त्या पोरीचा फोटो नाही, अंग नाही, काही नाही. दर अवसेला मी म्हणायचो, "मालू, जनाबाईची." जनाबाई म्हणायची, "ओ." त्या एका ओवर ती बाई वर्ष काढायची.

नव्वदच्या आसपास मोजणीवाले आले. कागदावर म्हणे आमचा धक्का आणि मागचं खाजण, म्हणजे जुन्या मिठागरांची खारी दलदल, पडीक जागा होती. भराव घालायचा, वर इमारती. पाड्यात बैठक झाली. काळुराम आमचा पुढारी, पांढरे कपडे आणि पायात चिखल. तो म्हणाला, "जागा जुनी हाय असा पुरावा पायजे. मोरू, तू शिकलास, तू लिव आपला इतिहास."

मोरू लागला कामाला. रजा टाकून ठाण्याच्या दफ्तरात जाऊन बसला. जुनी बाडं चाळली, मोडी वाचणारा म्हातारा गाठला. परत आला तो तोंड पाडून. माझ्या होडीत येऊन बसला.

"काका, सगळं शोधलं. मीठ किती पिकलं, त्याचा कर किती, एवढंच लिहिलंय. माणूस एकही नाही. आपण तिथे नव्हतोच असं आहे ते."

"नव्हतो कसे? मग मीठ काय कावळ्यांनी काढलं?"

"तेच म्हणतोय ना मी. ज्यांनी लिहिलं त्यांनी आपली माणसं लिहिलीच नाहीत. मग जे होऊन गेलं असेल ते आपणच मनानं उभं करायचं. याला खोटं नाही म्हणत काका."

"मग काय म्हणतात?"

"कल्पना."

"आमच्यात थापा म्हणतात," मी म्हटलं, आणि त्याला खाली उतरवला, कारण होडी काढण्यापुरतं पाणी उतरत चाललं होतं.

पुढचं मोरूनं मला नंतर सांगितलं, म्हणून मला ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या हापिसात एकटा लिहायला बसला. बाहेर यंत्रं थांबलेली, पंखा गरगरतोय. त्यानं लिहिलं, फिरंग्यांच्या काळात या पाड्यात एक नाखवीण होती. नाव ठमा. नाव कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही. फिरंग्यांची गलबतं कल्याणवर चालून निघाली तेव्हा ठमा हातात दिवा घेऊन चिखलात उभी राहिली, शीळ घालून तिनं गलबतं वाट चुकवून गाळात ओढली, आणि भरती आली तेव्हा दिवा विझू न देता स्वतः बुडाली. बाई जिवंत वाटेना म्हणून त्यानं तिला चाल दिली. डावा पाय ओढत चालणारी. शीळ तर आधीच दिली होती. एक वेणी दिली, कुशीला टोपली दिली. जे जे मालूचं आठवलं ते ते दिलं. तो म्हणाला, काका, लिहिताना मला रडू येत होतं, आणि त्या वागळे इस्टेटमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, खाजणाचा वास येत होता. ओला. नुकती ओहोटी लागल्यासारखा.

तो वास आला तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण लिहिणाऱ्याला वास आला की तो खूश होतो, आपलं चांगलं जमलं म्हणतो.

पुस्तक छापून आलं. पातळ, निळ्या कव्हराचं. पाड्यात घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो मला नमस्कार करायला लागला. म्हणे, दामाकाका, एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बसलेलात? मला काही उमगेना. शेवटी सगुणेनं वाचून दाखवलं. ठमाच्या गोष्टीखाली छापलं होतं, ही हकिगत पाड्यातील जुने जाणते दामाजी नाखवा यांच्या तोंडून ऐकली.

मी मोरूला धक्क्यावर गाठलं.

"माझ्या तोंडून? मी कवा सांगितली रे तुला?"

"काका, हळू. इतिहास म्हटला की कुणाच्या तरी तोंडून ऐकला असं लिहावं लागतं. नाहीतर कोण मानणार?"

"मग तुझ्या आयचं नाव टाकायचं."

"तुमच्या नावाला वजन आहे."

"वजन माझं, आणि थाप तुझी."

"धक्का वाचेल काका," तो म्हणाला. "एवढं पोटात घाला."

आणि धक्का वाचला, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकाच बाजूचं लिहितो. पुस्तक वर्तमानपत्रात गेलं, कुणी साहेब पाहायला आले, भरावाचं काम पलीकडे सरकलं. पाड्यानं धक्क्यावर एक दगड बसवला, शेंदूर फासला. ठमाचा दगड. बाया जाता येता हात जोडायला लागल्या. कुणी म्हणाली माझ्या आजीनं मला ठमाचं सांगितलेलं. कुणी म्हणाली आमच्याच घरातली ती. मी म्हणायचो, अगं, ते मोरूनं मनानं लिवलं. तर म्हणायच्या, बाबा, तुमचंच तर नाव हाय खाली, वय झालं तुमचं, विसरलात.

मग भादवा आला. काळुराम म्हणाला, "ठमा खाडीत गेली. तिचं पान मांडायला पायजे."

"तिला ओ कोण देणार?" मी विचारलं. "तिच्या घरचं कोण हाय?"

"सगळा पाडा तिच्या घरचा. सगळे मिळून देऊ."

"मी तिचं नाव घेणार नाय. ती कोण नव्हतीच."

काळुरामनं खिशातनं ते निळं पुस्तक काढलं आणि सगळ्यांसमोर ठमाच्या गोष्टीखालची माझ्या नावाची ओळ वाचली. लोक हसले. मोरू तिथंच उभा होता, खांबाला टेकून. मी त्याच्याकडे पाहिलं. बोल म्हटलं. त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला. बोलला असता तर धक्का हातचा जाणार, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. काळुराम म्हणाला, तुम्ही नाव घेणार नसाल तर हे काम दुसऱ्याला देऊ. बापानं दिलेलं काम. मग काय करता?

अवसेला ऊन असं होतं की धक्क्याचा दगड पायाला चटका देत होता. वारा नाही. खाडीचं पाणी पितळी ताटासारखं, आणि आवाज न करता वर चढत होतं. पानं मांडली. शेवटी ठमाचं, सगळ्यांत मोठं, केळीचं अख्खं पान. मी नावं घेत गेलो. घरं ओ देत गेली. पानं एकामागे एक कल्याणच्या अंगाला निघाली.

"मालू, जनाबाईची."

"ओ," जनाबाई म्हणाली. पान हललं, गेलं.

मग एकच उरलं. मी घसा साफ केला. अमकीची म्हणून पुढे काय जोडायचं तेही नव्हतं. नुसतं म्हटलं, "ठमा..."

सगळ्या पाड्यानं तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून आवाज निघायच्या आत ओ आली. पाण्यावरून आली. लांबून नाही, पायऱ्यांजवळून, जिथं पाणी गुडघाभर असेल तिथून. बाईची ओ. कुणी हाक मारायची पुष्कळ दिवस वाट पाहिली असेल तशी लगेच दिलेली.

लोकांची तोंडं उघडीच राहिली. पान उचललं गेलं. सगळी पानं वर गेली होती, हे खाली गेलं. भरतीच्या उलट, समुद्राकडे, संथ, कुणी हातानं धरून नेल्यासारखं.

जनाबाईनं मोरूचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "मोरू... मालूचा आवाज."

त्या दिवसापासून जनाबाई बदलली. वाईट म्हणावं असं काही नाही. उलट हसायला लागली, जेवायला लागली. मोरूचं म्हणणं, आधी त्याला बरंच वाटलं. मग एकदा जेवताना आय म्हणाली, "ठमाला गूळखोबरं फार आवडायचं." मोरूनं घास खाली ठेवला. गूळखोबरं मालूला आवडायचं. पुस्तकात ते नव्हतं. दुसऱ्यांदा म्हणाली, "ठमा तापानं फणफणली होती तेव्हा तू पोटात होतास." आणखी एक दिवस, "ठमाचे केस असे दाट, फणी मोडायची." एक एक करून मालूचं सगळं ठमाच्या अंगावर जात होतं. जसं मोठ्या बहिणीचे कपडे धाकटीला घालतात, तसं.

आणि घरात वास यायला लागला. खाजणाचा, आणि दिव्यात जळणाऱ्या करंजाच्या तेलाचा. करंजतेल आता जाळतं कोण? घरात वीज होती.

एकदा कारखान्यात वीज गेली म्हणून मोरू दुपारीच घरी आला. आमच्या पाड्यात भर दुपारी सामसूम असते. बाया मासळी घेऊन डोंबिवलीला, बाप्ये झोपलेले, कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीत. त्याच्या घराचं दार लोटलेलं होतं. आतून आयचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत होती. मोरू दाराशीच थांबला.

"मंग? पुढं काय झालं गो बाय?" जनाबाई विचारत होती.

दुसरा आवाज म्हणाला, "त्या घनघोर तिमिरात तो एकच दीप तेवत होता. शत्रूची गलबतं त्या दीपाच्या रोखानं वळली."

ते मोरूचं वाक्य होतं. शब्दाला शब्द. आमच्यात असं कुणी बोलत नाही. तिमिर आणि दीप म्हणणारी बाई खाजणपाड्यात जन्मली नाही अजून.

"भ्याली नाय तू?" आय म्हणाली.

"भय तिला शिवलंही नाही."

"पर पाय रुतले असतील. थंडी वाजली असंल. कोणाला हाक मारलीस का, बाय?"

नुसतं पाणी टिपकल्यासारखा आवाज. मग तो आवाज म्हणाला, "ते मोरू लिहील."

"बरं. जेवलीस का? काय खाल्लंस?"

"ते मोरू लिहील."

"माझी आठवण येती का?"

पुन्हा पाणी टिपकलं. मग, "तू सांग... तू सांगशील ते मी."

मोरूनं दार ढकललं. मागच्या पडवीत आय भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर, दाराकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. एक वेणी. कुशीला टोपली. पायापासून जमिनीवर चिखलाचं काळं पाणी पसरलेलं. दाराचा आवाज झाला तशी ती वळायला लागली. सावकाश. आणि मोरूला आठवलं की आपण पुस्तकात हिची चाल लिहिली, वेणी लिहिली, शीळ लिहिली, पण हिचं तोंड लिहिलेलं नाही.

त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा आय एकटीच होती, रागावलेली.

"कशाला आलास मधीच? बरी बोलत होती."

"आय," मोरू म्हणाला, "ती मालू नाय."

जनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. नीट, काळजीनं पाहिलं, जसं ताप आलेल्याकडे पाहतात. म्हणाली, "मालू कोण रे?"

तसाच उन्हात धावत तो माझ्या होडीत आला आणि हे सगळं त्यानं मला सांगितलं. मी बिडी दिली, ओढत नसताना ओढली.

"काका, मालू सगळी आयच्या डोक्यात होती. फोटोत, कागदावर कुठंच नाही. तिथूनही गेली तर ती... ती होती असं कोण म्हणेल?"

"अवसेला सगळ्यांसमोर सांग. ठमा खोटी. नाव परत घे."

"धक्का जाईल."

"धक्का जाऊ दे की राहू दे, तुझं तू बघ. बहीण तुझी हाय."

त्यानं बरेच आढेवेढे घेतले, पण कबूल झाला. एवढं श्रेय त्याला द्यायला पाहिजे, देतो.

पुढच्या सर्वपित्री अवसेला पाणी पायऱ्या चढायला लागलं आणि मोरू दगडासमोर उभा राहिला. म्हणाला, "ठमा कधी नव्हती. मी मनानं लिहिली. ती चाल, ती शीळ माझ्या बहिणीची आहे. दामाकाकांनी मला काही सांगितलेलं नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग काळुराम हसला. "पुस्तक लिहून लिहून डोकं तापलं पोराचं." एक म्हातारी म्हणाली, "आमी सगळ्यांनी ओ ऐकली मागच्या साली. नव्हती तर ओ कुणी दिली?"

मी वेळ घालवला नाही. मोठ्यानं नाव घेतलं. "मालू, जनाबाईची."

जनाबाई गप्प. शेजारणीकडे बघितलं तिनं, कुणाची पोर म्हणून.

मी परत म्हटलं. "मालू, जनाबाईची..."

पाणी पानाच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. भरती अशी थांबत नाही. मोरू भाऊ होता, घरचा होता, त्याची ओ चालली असती. त्यानं तोंड उघडलं. आणि जनाबाईनं चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "नको रे पोरा. दुसऱ्याच्या मेलेल्याला ओ देव नको. पाठी लागतं."

आयनं मुलाला जपलं. आमच्या रीतीप्रमाणे जपलं. त्याला तिचा हात काढता आला असता. नाही काढला. मी समोर होतो, पाहिलं.

मालूचं पान जागेवरच राहिलं, कोरडं.

ठमाचं नाव मी घेणार नाही म्हणून खाली बसलो. तर जनाबाई स्वतःच पुढे झाली, दोन पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "ठमा, जनाबाईची." आणि स्वतःच म्हणाली, "ओ."

घर मिळालं तिला. पान गेलं. उलटं, समुद्राकडे.

जनाबाई नंतर दोनेक पावसाळे जगली आणि सुखानं मेली. शेवटी म्हणे कुणाशी तरी बोलत हसत होती. मोरूनं आधी पुष्कळ धडपड केली. मालूची खरी हकिगत लिहायला घ्यायचा. मला वाचून दाखवायचा. दोन पानं मालू असायची, तिसऱ्या पानावर हातात दिवा यायचा. फाडायचा, परत लिहायचा. मग फाडायचं बंद झालं. मग त्यानं घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. आता त्याला मोठा इतिहासवाला म्हणतात, शाली घालतात, ठमावर जाड पुस्तक आलंय. त्यात तिचं तोंडासकट चित्र आहे म्हणे, फोटोसारखं. मी पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही.

गेल्या वर्षी तो पाड्यात आला होता, भाषणाला. मी काठी टेकत गेलो. म्हटलं, मोरू, माझ्या तोंडी खोटं घातलंस, म्हातारपणी मला पाड्यात खुळा ठरवलंस, निदान चूक झाली म्हण. त्यानं माझा हात हातात घेतला. खरोखर गोंधळला होता. नाटक करणाऱ्याचे डोळे मला कळतात, आयुष्य मासळीवाल्यांत गेलंय.

"कसलं खोटं काका? तुम्हीच तर सांगितलेलं ते सगळं. इथंच, होडीत."

"आणि मालू?"

"कोण मालू?"

आता सांगतो आणि पेन ठेवतो. मी दुपारी पडवीत जाळं शिवत बसतो. सून आत झोपलेली असते. अलीकडे पाठीमागे ओला वास येतो, करंजाचं तेल जळल्याचा वास येतो. मी वळत नाही. तिला तोंड आलंय का, कुणाचं आलंय, ते मला बघायचं नाही. माझ्याकडे जा असं मोरू म्हणाला असेल तिला, किंवा पुस्तकातली माझ्या नावाची ओळ तिनंच वाचली असेल, देव जाणे. ज्याच्या तोंडून निघाली त्याच्याकडे ती आलीय. काही करत नाही. जमिनीवर पाणी टिपकतं, आणि ती अदबीनं, शिकलेल्या बाईसारखं, एकच शब्द विचारते.

"पुढे?"

मी तोंड उघडत नाही. माझ्याकडे पुढचं म्हणून जे काही आहे ते सगळं मालूचं आहे. इथंही मी थोडंच लिहिलंय, बाकीचं लिहिणार नाही, सुनेनं जेवण बंद केलं तरी. पण माझं वय झालं. झोपेत माणूस काय बडबडतो ते त्याला कळत नाही, आणि सगुणा परवा म्हणाली, बाबा, दुपारी तुम्ही झोपेत कुणाला एवढं समजावून सांगत होता?

हे सगळं ज्याच्यामुळे माझ्या दाराशी आलं त्यानं अजून माफी मागितलेली नाही. मोरू. जनाबाईचा मोरू. मालूचा भाऊ.